कपित्थ : धुऱ्यावरचे कवठ व औषधशाळेतील मगज

महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी वाशिमच्या बाजारात टोपल्याटोपल्यांनी कवठे येतात, उपवासाच्या दिवशी घरोघरी त्यांची चटणी होते आणि आठवड्याभरात ती बाजारातून दिसेनाशी होतात. वर्षाचे उरलेले दिवस हे फळ कोणाच्या ध्यानीमनी नसते. आपल्या औषधालयांच्या फळ्यांवर कपित्थाष्टक चूर्णाचे डबे मात्र बारमाही असतात. हे चूर्ण ज्या फळाच्या नावाने ओळखले जाते त्याचा मगज नेमका कोठून येतो, तो कोणत्या अवस्थेतील फळाचा असतो आणि मुळात तो कवठाचाच असतो काय, हे प्रश्न आम्ही स्वतःला फार उशिरा विचारले. ते विचारण्याची वेळ एका रुग्णामुळे आली. तो वृत्तांत पुढे येईलच.

इंग्रजांनी या फळाला 'वुड अॅपल', म्हणजे लाकडी सफरचंद, असे नाव दिले. हे नाव कवचावरून पडले असून सफरचंदाशी कवठाचे कुळाचे नाते नाही. सफरचंद गुलाबाच्या कुळातील, तर कवठ हे लिंबू, संत्रे व बेल यांच्या कुळातील. तरीही एका बाबतीत दोहोंची तुलना करण्याचा मोह होतो. इंग्लंडमध्ये 'ब्रॅम्ली' नावाचे एक आंबट सफरचंद आहे, ते मुख्यत्वे शिजवून खाण्यासाठीच वापरतात. नॉटिंगहॅमशायरमधील साउथवेल या गावी मेरी अॅन ब्रेल्सफोर्ड या मुलीने १८०९ मध्ये लावलेल्या बियांतून त्याचे पहिले झाड उगवले. पुढे ते घर विकत घेणाऱ्या ब्रॅम्ली नामक खाटकाचे नाव त्या फळास मिळाले आणि आज त्या वाणाची म्हणून जी झाडे आहेत ती सर्व त्या एकाच झाडाच्या कलमांची संतती होय. एका आंबट फळाच्या एका झाडाची एवढी नोंद तिकडे ठेवली गेली. आपल्याकडे कोणत्या धुऱ्यावरचे कवठ गोड आणि कोणते दात आंबवणारे, हे गावातील चार वृद्धांखेरीज कोणास ठाऊक नसते.

नाव व मूळ

कवठ हा या भूमीचा मूळचा वृक्ष आहे. भारत व श्रीलंका येथील कोरड्या मैदानी प्रदेशात तो आपोआप वाढतो आणि वऱ्हाडातील उन्हाळा त्यास मानवतो. झाड काटेरी, साल खडबडीत, पाने संयुक्त असून एका पानात बहुधा पाच ते सात पर्णिका समोरासमोर असतात. पान चुरगळल्यास बडीशेपेसारखा गंध येतो. 'सुरभिच्छद' हा निघंटूतील पर्याय यावरूनच आला. 'कपित्थ' म्हणजे जेथे कपी राहतात तो. 'दधित्थ' व 'दधिफल' ही नावे मगजाच्या दह्यासारख्या आंबटपणाची, 'ग्राही' हे कर्माचे आणि 'दंतशठ' हे नाव कच्चे फळ चावलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचे. 'चिरपाकी' या नावाकडे मात्र औषधनिर्मात्यांनी विशेष लक्ष द्यावे. हे फळ सावकाश पिकते, आणि घाई करणाऱ्याच्या हाती ते कच्चेच लागते.

आधुनिक वनस्पतिशास्त्रात या वृक्षाच्या नावाचा बराच घोळ झाला. लिनियसने १७६२ मध्ये 'लिमोनिया अॅसिडिसिमा' हे नाव दिले. कोर्रेआ या पोर्तुगीज शास्त्रज्ञाने १८०० मध्ये त्यास 'फेरोनिया एलिफंटम' म्हटले. आपल्या पिढीने द्रव्यगुणाच्या पुस्तकांत 'फेरोनिया' हेच नाव पाठ केले असले तरी आज मान्य नाव लिनियसचे आहे. मधल्या काळात लिनियसचे हे नाव 'हेस्परेथुसा क्रेन्युलाटा' या वेगळ्याच झाडासाठी वापरले जात असे. ब्रह्मदेशातील स्त्रिया चेहऱ्यास जो 'थनाखा' लेप लावतात, तो या दोन्ही झाडांच्या सालीपासून होतो. त्यामुळे जुने लेख वाचताना कोणत्या वृक्षाविषयी लिहिले आहे हे तपासून घ्यावे लागते.

कोर्रेआच्या नावातील हत्ती आपल्यालाही अपरिचित नाही. हत्तीने गिळलेले कवठ बाहेर अखंड पडते, पण आत पोकळ असते, अशा समजुतीवरून 'गजभुक्तकपित्थ' न्याय रूढ झाला. येथे 'गज' म्हणजे हत्ती नसून फळ आतून पोखरणारी कीड होय, असेही काही पंडित मानतात. बाजारातून फळे घेणाऱ्यास हा दुसरा अर्थ अधिक पटेल. श्रीगणेशाच्या ध्यानातही कपित्थ व जांभूळ ही त्याची आवडती फळे म्हणून येतात. वराहमिहिराने बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात कवठाच्या बियांवर नाना काढ्यांचे व दुधाचे संस्कार करून त्यापासून वेल उत्पन्न करण्याची कृती सांगितली आहे. ती कोणी करून पाहिली असेल असे वाटत नाही. परंतु सहाव्या शतकातील एक ज्योतिर्विद या झाडाचा इतका विचार करतो, यावरून त्याचे त्या काळातील महत्त्व कळते. विदर्भ-मराठवाड्यात 'कवठा' नावाची गावे अनेक आहेत आणि सांगली जिल्ह्यात कवठे महांकाळ आहे.

आम आणि पक्व

आता मूळ मुद्द्याकडे वळू. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अन्नपानविधी अध्यायात कच्च्या व पिकलेल्या कपित्थाचे गुण वेगवेगळे सांगितले आहेत. कच्चे कवठ कंठास घातक, विषघ्न, ग्राही व वातकर. पिकलेले मधुर, अम्ल व कषाय रसांचे, सुगंधामुळे रुचिकर, दोषघ्न, विषघ्न, ग्राही व गुरू. सुश्रुताचार्य हा भेद अधिक टोकदार करतात. त्यांच्या मते आम फळ अस्वर्य, म्हणजे आवाजास अहितकर, तर पक्व फळ श्वास, कास, अरुची व तृष्णा यांचा नाश करणारे आणि कंठशोधक. एकच फळ एका अवस्थेत कंठ बिघडवते आणि दुसऱ्या अवस्थेत तोच कंठ शुद्ध करते.

यामागील कारण रसांच्या विचारातून उलगडते. आम फळात कषाय रसाचे प्राबल्य असते. कषाय रसाच्या अतियोगाने मुख शुष्क होते, पोट फुगते व वाणी अडखळते, असे चरकांनीच सांगितले आहे. आधुनिक परिभाषेत हे टॅनिनचे स्तंभक कार्य होय. फळ पिकते तशी साखर वाढते, कषायता मागे हटते आणि गंध प्रकट होतो.

काही वर्षांपूर्वी ग्रहणीच्या तक्रारीने त्रस्त असलेले पन्नाशीचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांचा व्यवसाय कीर्तनाचा. आम्ही त्यांना ताकाबरोबर कपित्थाष्टक दिले. आठ-दहा दिवसांत मलप्रवृत्ती बांधून आली, अन्नाची रुची वाढली, आणि आम्ही समाधानी झालो. रुग्ण मात्र समाधानी नव्हते. घसा कोरडा पडून आवाज बसला होता. सर्दी नाही, ज्वर नाही, कीर्तनाचा अतिरेकही त्या दिवसांत झालेला नव्हता, आणि हरिनाम सप्ताह तोंडावर आलेला. आम्ही प्रथम चूर्णाचा विचारच केला नाही. ज्या योगाच्या फलश्रुतीत गलरोगाचा उल्लेख आहे तो योग गळा कसा बिघडवील? शेवटी चूर्ण थांबवले, यष्टिमधु सुरू केले, आणि काही दिवसांत आवाज मोकळा झाला. मग डब्यातील चूर्ण आम्ही स्वतः जिभेवर ठेवले. आंबटगोड चव येण्याऐवजी जीभ आखडली. ज्यांच्याकडून मगज येत होता त्यांना विचारता, वाऱ्याने गळून पडलेली कोवळी फळे स्वस्तात मिळतात, तीच फोडून वाळवतो, असे उत्तर निःसंकोचपणे मिळाले. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. 'कवठाचा मगज' एवढेच आम्ही मागत आलो होतो. कच्चा की पिका, हे कधी लिहिलेच नव्हते.

पुढील हंगामात पिकलेल्या फळांच्या मगजापासून चूर्ण करून त्याच रुग्णास त्याच मात्रेत दिले. तक्रार उद्भवली नाही. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही आणि आवाज बसण्यास अन्य कारणेही असू शकतात, हे आम्ही जाणतो. परंतु दोन संहिता जे एकमुखाने सांगतात ते आपल्यासमोर घडले, तर त्याची नोंद घेणे आपले काम आहे.

आमचे काही व्यवसायबंधू यावर आक्षेप घेतात की ग्रहणी व अतिसारात ग्राही गुण हवा, तो कच्च्या फळात अधिक, म्हणून कच्चे कवठच योग्य. बेलाचे नाही का आपण कोवळे फळ घेत? या युक्तिवादाचे उत्तर सुश्रुतांनी आधीच देऊन ठेवले आहे. सर्व फळांमध्ये पिकलेले फळ गुणवान समजावे, अपवाद केवळ बिल्वाचा. बिल्व तेवढे आम असताना श्रेष्ठ, असा त्यांचा परिभाषावजा नियम आहे. अपवाद एका फळासाठी सांगितला असता आपण तो शेजारच्या फळालाही लावून टाकला. शिवाय परिपक्व कपित्थासही चरकांनी ग्राही म्हटलेलेच आहे, त्यामुळे पिकलेले फळ घेतल्याने योगाचे प्रयोजन बिघडत नाही.

कपित्थाष्टकात ही दोन्ही फळे एकत्र येतात. वाग्भटांनी अतिसारचिकित्सेत दिलेल्या या योगात यवानी, पिप्पलीमूळ, त्वक्, एला, पत्र, नागकेशर, सुंठ, मरीच, चित्रक, वाळा, जिरे, धणे व सौवर्चल ही तेरा द्रव्ये प्रत्येकी एक भाग. वृक्षाम्ल, धातकी, पिप्पली, बिल्व, दाडिम व अजमोदा प्रत्येकी तीन भाग. साखर सहा भाग आणि कपित्थ आठ भाग. नावातील 'अष्टक' हे द्रव्यांची संख्या नसून कपित्थाच्या या आठ भागांचे निदर्शक आहे. एकूण पंचेचाळीस भागांत आठ भाग, म्हणजे जवळपास अठरा टक्के कपित्थ. एवढ्या मोठ्या प्रमाणात असलेले द्रव्य चुकीच्या अवस्थेतील असेल तर बाकीच्या एकोणीस सुगंधी-दीपन-पाचन द्रव्यांनी ते झाकले जाईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. याच प्रमाणावरून हेही ध्यानात येते की योगात तेरा टक्क्यांहून अधिक साखर आहे. मधुमेही रुग्णास चूर्ण देताना आपण हे अनेकदा विसरतो.

पाकशाळेतील कपित्थ

आपण कवठाला औषध म्हणून पाहतो, परंतु संहितांत ते स्वयंपाकघरातून चिकित्सेत आलेले दिसते. चरकांच्या सूत्रस्थानात दुसऱ्याच अध्यायात ज्या पेया येतात, त्यांतील एक कवठ, बेल, चांगेरी, ताक व डाळिंब यांनी सिद्ध केलेली असून ती पाचन व ग्राही सांगितली आहे. खडयूष नावाचे जे व्यंजन आहे त्यात ताकाबरोबर कवठ, चांगेरी, मिरे, जिरे व चित्रक शिजवतात. आम्ही ग्रहणीच्या रुग्णास हंगामात असे ताक घरी करावयास सांगतो. चांगेरी, म्हणजे आंबुशी, न मिळाल्यास तिच्याविना आणि चित्रक वगळून. ज्यांना चूर्णाचा कंटाळा येतो तेही ते आवडीने घेतात.

वऱ्हाडातील चटणी यापेक्षा सोपी. पिकलेल्या कवठाचा गर, गूळ, जिरे, तिखट व मीठ एवढेच कुस्करून ती होते. गुळाचे मधुरत्व व जिऱ्याचे दीपन गुरुत्वाला आवर घालतात. नृसिंहवाडीची कवठाची बर्फी सर्वांस ठाऊक आहे. ज्या श्रीनृसिंह सरस्वतींच्या वास्तव्याने ती वाडी क्षेत्र झाली, त्यांचा जन्म आपल्या जिल्ह्यातील कारंज्याचा. कवठाची बर्फी मात्र कारंज्यास न होता वाडीस होते, हे आम्हा वाशिमकरांस थोडे बोचते. श्रीलंकेत या फळास 'दिवुल' म्हणतात व नारळाच्या दुधात कालवून पेय करतात. जावा बेटावर रेंबांग येथे त्याचे 'कविस्ता' नावाचे सरबत विकले जाते. मगजात पेक्टिन भरपूर असल्याने जेलीही उत्तम धरते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत कवठाच्या शंभर ग्रॅम मगजात सुमारे ७.१ ग्रॅम प्रथिने, १८.१ ग्रॅम कर्बोदके, ५ ग्रॅम तंतू व १३० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलेले आहे. प्रथिनांचा आकडा फळाच्या मानाने चकित करणारा आहे. मगजात विखुरलेल्या असंख्य बिया त्यास कारण असाव्यात. त्याच तक्त्यात क जीवनसत्त्व केवळ ३ मिलिग्रॅम आहे. आंबट म्हणजे क जीवनसत्त्वाने समृद्ध, असे रुग्णांना सरसकट सांगणाऱ्यांनी हे पाहावे.

मगज कसा करावा

फळ परिपक्व झाले की नाही हे पाहण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. फळ हातभर उंचीवरून कठीण जमिनीवर सोडावे. कच्चे फळ उसळी घेते, तयार फळ जागीच बसते. तथापि तयार फळ म्हणजे पिकलेले फळ नव्हे. 'चिरपाकी' नावाचे स्मरण येथे ठेवावे आणि उतरवलेली फळे साधारण पंधरा दिवस उन्हात ठेवून पिकू द्यावीत. पिकलेल्या फळाचा वास देठाजवळ कवचाबाहेरही येतो. फोडल्यावर मगज तपकिरी, चिकट, सुगंधी असावा. पांढरट, घट्ट व कवचास चिकटून बसलेला मगज कच्च्या फळाचा. तो औषधात घेऊ नये. आत बुरशीची जाळी अथवा किडीचा चुरा दिसल्यास ते फळ गजभुक्त समजून टाकून द्यावे.

वाळवण्यात खरी कसोटी असते. पिकलेला मगज साखर व पेक्टिनमुळे लवकर वाळत नाही आणि वाळला तरी हवेतील ओलावा ओढून पुन्हा चिकट होतो. कच्च्या फळांकडे निर्मात्यांचा ओढा असण्याचे हेही एक कारण आहे, कारण त्यांचा मगज भराभर वाळून सहज दळला जातो. आम्ही बिया शक्य तितक्या काढून मगजाचा अगदी पातळ थर ताटांत पसरतो, वर मलमलीचे फडके बांधतो आणि चैत्रातल्या कोरड्या हवेत वाळवतो. थर उचलून मोडला असता कडकन तुटला पाहिजे. दळताना योगातील सुंठ, धणे अशा कोरड्या द्रव्यांचा ठरलेला भाग बरोबर घेतल्यास चक्कीस चिकटत नाही. साखर शेवटी मिसळावी.

हिशेब असा बसतो. तक्त्यानुसार मगजात सुमारे ६४ टक्के पाणी असते. म्हणून पंचेचाळीस किलो चूर्णास लागणाऱ्या आठ किलो शुष्क मगजासाठी किमान बावीस-तेवीस किलो ओला मगज हवा. बिया काढल्या तर त्याहून अधिक, आणि कवचाचे वजन निराळेच. पिक्या मगजाचा भाव कच्च्यापेक्षा जास्त का असतो, हे यावरून ध्यानात यावे. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, हे शार्ङ्गधरांचे वचन या चूर्णास तर विशेष लागू आहे. म्हणून शुष्क मगज हवाबंद बरण्यांत ठेवून चूर्ण लागेल तसे थोडे थोडे करणे आम्हांस सोयीचे वाटते. पावसाळ्यात डबा वारंवार उघडू नये.

भेसळीविषयी एक सूचना. बाजारात सुक्या बेलाच्या कापांत कवठाचे काप मिसळलेले आढळतात, आणि उलटही घडू शकते, कारण 'वुड अॅपल' हे नाव इंग्रजी याद्यांत कधी बेलासही दिलेले असते. काप अखंड असतील तर ओळख अवघड नाही. बेलाच्या कापात परिघाजवळ दहा-पंधरा कप्पे वर्तुळाकार दिसतात व बिया पारदर्शक डिंकात बसलेल्या असतात. कवठात कप्पे नसतात. बिया सर्व मगजात विखुरलेल्या असतात आणि कवच बाहेरून खरबरीत असते. भुकटी विकत घेतल्यास यांपैकी काहीच तपासता येत नाही. म्हणून औषधशाळांनी भुकटी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मागणीपत्रावर 'परिपक्व फळाचा, बीजरहित, अचूर्णित' एवढे तीन शब्द लिहावेत.

राहिला प्रश्न फळांचा. बियांपासून वाढवलेले झाड फळ धरण्यास पंधरा वर्षेही घेते, त्यामुळे कवठाची बाग कोणी हौसेने लावत नाही. जी झाडे आहेत ती जुन्या धुऱ्यांवर, विहिरींच्या कडेला व देवळांमागे. आमच्या परिसरात सोयाबीनच्या शेतांचे धुरे ट्रॅक्टरसाठी अरुंद होत गेले, तसे हे काटेरी झाड आधी तोडले गेले. कलम केल्यास फळ पुष्कळ लवकर येते व मातृवृक्षाची गोडीही टिकते. बियांपासून ती खात्री नसते. मोठ्या गोडसर फळांची व लहान आंबट फळांची, अशी दोन्ही प्रकारची झाडे असतात. आम्ही रिसोड व मालेगाव या तालुक्यांतील काही शेतकऱ्यांशी बोलून ठेवले आहे की झाड तोडणार असाल तर आधी निरोप द्या. हंगामात पिकलेली फळे आम्ही मोजून, बाजारभावाहून थोडी चढी किंमत देऊन घेतो. गेल्या हंगामात एकाने निरोप दिला, परंतु आम्ही पोहोचलो तेव्हा कुऱ्हाड चालून गेली होती. झाड गोड कवठाचे होते. पडलेल्या फांद्यांवरील तयार फळे आणून पंधरा दिवस उन्हात ठेवली, त्यांतील बिया पिशव्यांत लावल्या आहेत, आणि त्याच्या कोवळ्या फांद्या एका रोपवाटिकेत कलमासाठी दिल्या. सहापैकी दोन कलमे जगली आहेत.